डनीजची मोकळी खिचडी

नेपरव्हिल, अमेरिका. महाशिवरात्र, १९८६

माझ्या मैत्रिणीच्या, सुलूच्या ब्लॅक सुनेनं, डनीजनं, आज त्यांच्या घरी जमलेल्या सगळ्यांसाठी उपासाची खिचडी केली. इतकी मोकळी, की माझा नुसता जळफळाट. माझ्या साबुदाण्याचा अजून गोळाच होतो!

आमच्यातल्या वयस्कर डॉक्टरकाकांनी तीच खिचडी परत वाढून घेतली आणि वर म्हणाले, "असल्या मिश्र लग्नांनीच मोठमोठ्या संस्कृती बुडाल्या."

मी भडकलेच. "काका, साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची, सगळं मूळचं अमेरिकेकडचं. ते सोवळ्यात घेतलं तेव्हा कुठे बुडालो आपण?"

डनीज हसली. "काकू, टेक सम होम."

तिची बाजू घेतली, तरी जळतेच आहे. का?

घरी ह्यांना मीच केली म्हणून वाढली. एक घास खाऊन म्हणाले, "इतकी मोकळी? खरं सांग, कुणी केली?"