चमक विझवणारं औषध

३ मार्च, सकाळी
हा माझा लॅबमधला शेवटचा महिना. संकल्प लेखी असलेला बरा. पीएचडीचं सातवं वर्ष, पण आता एकच प्रयोग उरलाय. बायकोला दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागलीये. ती आणि लेक शनिवारी पुढे जाणार, मी एकतीस तारखेला मागून. बायकोला तसा शब्द दिला. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

५ मार्च
सोन्यासारखा दिवस. कॅन्सरच्या पेशीत कॅल्शियम निरोप्याचं काम करतं. दारातून आत शिरलं की पेशीला सांगतं, वाढ. दारंच बंद केली तर वाढणार कशी? माझं औषध दारं बंद करतं. पेशींना आधी एक रंग पाजायचा. आत कॅल्शियम आलं की त्या चमकतात. आज औषध टाकलं आणि थोड्याच वेळात सगळी चमक गुल. नेहमीसारखीच.
फोटो देखणे यावेत म्हणून मायक्रोस्कोपचा दिवा फुल ठेवतो. शंका मॅडमचं म्हणणं, दिवा मंद ठेवायचा असतो. (लॅबमधली ज्युनियर. सारख्या शंका काढते, म्हणून हे नाव.) सौंदर्यदृष्टी सगळ्यांना नसते.

८ मार्च
दोघी गेल्या. स्टेशनवर जाणार होतो, पण पेशींना खाणं द्यायची वेळ नेमकी तीच. पेशींना शनिवार-रविवार नसतो. निघताना लेकीने विचारलं, पेशींना बाबा लागतो का. हुशार आहे. माझ्यावर गेलीये.

११ मार्च
माझ्या गाइड सरांबरोबर मीटिंग. फोटो बघून खूश. मग म्हणाले, औषध न टाकता पेशींची अशीच एक डिश बघितलीस का. नाही बघितली. औषधच टाकलं नाही तर बघायचं काय, डोंबल? पण सर वयाने मोठे, वाद घालत नाही. करतो म्हटलं. बिनऔषधाची डिश पुढच्या आठवड्यात. नक्की.

१६ मार्च
डिश झाली नाही. पेशी कमी होत्या, मग मायक्रोस्कोप दुसऱ्या कुणीतरी अडवला होता, आणि खरं सांगायचं तर उत्तर माहीत असताना परीक्षा कशाला द्यायची?
वेळ वाया घालवला नाही. घरातलं सगळं सामान खोक्यांत भरून चिकटपट्टी लावली. कपडे बाहेर ठेवायचे राहिले. सध्या अंगावरचाच शर्ट धुतो, वाळवतो, घालतो. भिंती उघड्या, आवाज घुमतो. सासऱ्यांचा फोन आला. एकतीस नक्की ना, विचारत होते. नक्की म्हटल्यावर बराच वेळ हसले. मोकळ्या स्वभावाचे आहेत.

२० मार्च
मायक्रोस्कोपच्या खोलीत अडकलो. दार आतून ओढलं तर मूठ हातात आली. खोलीला खिडकी नाही. डिश दिव्याखाली तयार, औषध बाहेरच्या फ्रीजमध्ये. शंका मॅडमला फोन केला. ती म्हणाली जेवण झालं की सुतार शोधते. माणुसकी म्हणून राहिली नाही.
रिकामं बसायचं कशाला, म्हणून रेकॉर्डिंग लावलं आणि थीसिसची अर्पणपत्रिका मनात जुळवत बसलो. आधी बायको, मग लेक, मग सर. सर पहिले घ्यावेत का, या विचारात वर बघतो तर पडदा काळा. पेशी विझलेल्या. औषधाचा थेंबही नसताना.
सुताराने दार उघडलं. मी खुर्चीतच. दार उघडलंय, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

२१ मार्च
शांतपणे विचार केला. खोलीत हवा कमी होती, पेशी घाबरल्या असणार. किंवा औषध सोडायच्या नळीत कालचं काही राहिलं असेल. माझं औषध जालीम आहे, नुसत्या वासानेही काम करेल. एकतीस तारीख कायम.

२४ मार्च
नवी डिश, नवी नळी, दार उघडं राहावं म्हणून खुर्ची लावून. औषध नाही. विझली.
दिवा मंद करून परत केलं. चमक राहिली. मग औषध टाकलं. चमक तशीच. आणखी टाकलं. पेशी मजेत.
म्हणजे इतकी वर्षं दिवा रंग जाळत होता आणि शाबासकी औषधाला मिळत होती. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. शंका मॅडम शेजारीच उभी होती. तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. एरवी शंका सरकवते.

२६ मार्च
सरांना सांगितलं. माझा अंदाज असा की म्हणतील, झालं ते झालं, आहे तेवढं लिही आणि सुट एकदाचा. सर उलट भलतेच खूश. चूक बाहेरच्याने नाही, आपणच पकडली, म्हणाले. आता पहिल्यापासून नीट करू. दारं बंद करणारं दुसरं औषध त्यांनी मागवूनही ठेवलंय. आणखी दोन वर्षं लागतील. मुदतवाढीवर तिथल्या तिथे सही केली आणि माझी पाठ थोपटली. मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं, कळत नाही.

३० मार्च, संध्याकाळी
शेवटी बायकोला फोन केला. भाषण तयार होतं. औषध काम करत नाही हेसुद्धा एक संशोधनच, वगैरे. पहिल्याच वाक्याला ती बरं म्हणाली. पुढचं भाषण कुठे ठेवावं कळेना. मी म्हटलं, माझ्याशिवाय तुम्हाला घर खायला उठेल. ती म्हणाली, नाही उठणार, एकच खोली आहे, दोघींना पुरते. जानेवारीतच बघून ठेवली होती म्हणे.
बरं केलंस, म्हटलं. लेकीला फोन दे म्हटलं, तर ती खाली खेळायला गेली होती. तिथे तिला मैत्रिणी मिळाल्यात.