आंबिलीची वाटी

इंझोरी,
१८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राखी हिला प्रयागचे आणि घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

संस्कृतीचा ताप परत आला नाही ना? शिवम सांगतो की ती आता पालथी पडते, पण सरळ होता येत नाही म्हणून घर डोक्यावर घेते. पाच महिन्यांच्या लेकराला एवढा राग कुठून आला, असं तुझे सासरे विचारतात आणि विचारताना माझ्याकडेच पाहतात. इकडे सगळं ठीक आहे. सोयाबीन फुलावर आहे. पोळा चार दिवसांवर आला. आपली बैलजोडी गेली तरी ह्यांनी शिंगांचा रंग आणून ठेवलाय, शेजाऱ्यांचे बैल रंगवायला.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘हो आई, बरी आहे आई’ म्हणतेस, मी ‘बरं बाई’ म्हणते, की संपलं. म्हणून म्हटलं, सातवीपर्यंतची शाळा आज कामाला येऊ दे. पत्र शिवमच्याच हाती देतेय, त्याला ताकीद दिली आहे की वाचायचं नाही. वाचलंच तर वाचू दे, त्यालाही थोडी अक्कल येईल.

महालक्ष्म्या एकतीस तारखेला बसतात. तुला बाळंतपणाला शिरपूरला जाऊन सात महिने होत आले. आधी ऊन होतं, मग लस होती, मग पाऊस. आता म्हणतेस, लेकरू लहान आहे, यंदा राहू द्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. बारशाला मी महालक्ष्मीचा हळद लावलेला दोरा घेऊन आले आणि बांधायला लागले, तर तू पोरीचं मनगट पदराखाली घेतलंस. चार बायकांत माझा हात तसाच राहिला.

पण गेल्या महिन्यात पोरीला वाशीमला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट तुझ्या आईने मला परवा सांगितली. रामीबाईंवर रागावू नकोस, त्या सांगताना रडत होत्या. तू पलंगाजवळ बसून म्हणत होतीस म्हणे, “मी तिचा घास उचलला, माय. तिनं पाह्यलं हाये. ते आता लेकरावर काढून राह्यली.”

राखी, तो घास कोणता, हे तुझ्या आईला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा तुझा तिसरा महिना चालू होता. तुझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. घरात मला आणि शिवमलाच माहीत होतं, कारण तिसरा पुरा होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. त्यात आपली रीत अशी, की जी सोवळ्यात स्वयंपाक करते तिने नैवेद्य होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही. तुला जेव म्हणावं तर जाऊबाईंना, म्हणजे तुझ्या मोठ्या सासूबाई धुरपताबाईंना, कारण सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. तू भिंतीला हात टेकत पुरण वाटत होतीस.

सकाळी मुखवट्यांचे डोळे काजळाने आखताना मी थोरल्या महालक्ष्मीला म्हटलं होतं, “माय, तिच्या पोटात चार घास ठरू दे. दुसरं काई मांगत नाई.” माझा हात आता कापतो, त्यामुळे थोरलीचा एक डोळा जरा मोठाच झाला. तुझ्या लक्षात आलं होतं, तू हसली होतीस.

ऊन कलल्यावर नैवेद्य दाखवला. दोघींनी निवांत जेवावं म्हणून नेहमीसारखं दार लावलं आणि सगळे ओसरीत येऊन बसले. मी विडा द्यायचा विसरले होते. म्हणून स्वयंपाकघरातून त्या खोलीच्या मागच्या दाराशी गेले. ते पुरतं लागलेलं नव्हतं.

मी पाहिलं. तू ताटासमोर बसली होतीस. आंबिलीची वाटी दोन्ही हातांत धरून तू पीत होतीस, आणि चोरून नाही, थोरलीच्या तोंडाकडे पाहत.

माझ्या तोंडाशी फार वाईट शब्द आले होते. आमच्या सासूबाई आम्हाला धाक घालायच्या, “ते पाहून राह्यली बरं.” गुळाचा खडासुद्धा उचलायची आमची छाती नव्हती. तोच धाक मी शिवमला घातला, आणि तोच त्या घटकेला तुला घालणार होते. तेवढ्यात माझी नजर थोरलीच्या त्या मोठ्या डोळ्यावर गेली. माझी आई मी माहेरी गेले की मला जेवताना बसून पाहायची, अगदी तशीच ती तुझ्याकडे पाहत होती. मग मला सकाळचं मागणं आठवलं. मी मागितलं होतं, ती देत होती, आणि मी दारात भांडायला उभी.

मी फक्त वाटी पाहिली होती. तिने तुझे उलट्यांचे सगळे दिवस पाहिले होते.

मी दार हळूच ओढून घेतलं. मागून जाऊबाई पाण्याला आल्या. मी दारात आडवी उभी राहिले. “थांबा वं, आत जेवून राह्यल्या.” त्यांनी तिथेच हात जोडले. नंतर पुढचं दार उघडलं, वाटी रिकामी दिसली, आणि पुढचा सगळा गोंधळ तुला माहीत आहे. महालक्ष्मी जेवली म्हणून अख्खी गल्ली दर्शनाला आली. तू पांढरीफटक पडली होतीस. बायका म्हणाल्या, पोरीच्या अंगात भक्ती भरली.

तुला आठवतं, त्यानंतर आपल्याकडे एक दिवसाआड आंबील व्हायची? जाऊबाई विचारायच्या, “सण सरला नं, मंग हे काहून?” मी सांगायची, माझ्या पायांची आग होते. माझे पाय चांगले धडधाकट आहेत. तुझ्या पोटात तेवढंच एक ठरत होतं. त्या वाटीनंतर तुझ्या उलट्या कमी होत गेल्या, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल, माझ्या आलं.

पाहून न बोलणं हीच माया, असं मला वाटत राहिलं. तुला भीतीच्या हवाली करून मी आपली आंबील ढवळत बसले. मी पाहिलंय आणि मला राग नाही, एवढं तेव्हाच तुझ्या कानात सांगायला हवं होतं. लेकरांना ताप येतो, राखी. पावसाळ्यात सगळ्यांच्याच लेकरांना येतो. तुझी पोर त्या आंबिलीवर वाढली आहे. तिला ती माऊली काही कशी करेल?

आता यंदाचं ऐक. जाऊबाईंनी मोठी वाटी आणली आहे, पितळेची. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. त्यांचा नरेंद्र चार वर्षं सणाला आलेला नाही. त्यांच्याकडे कुणी आलं असेल तर ती एक महालक्ष्मीच. पूर्वी मी त्यांना टोमणा मारला असता. या वेळी वाटी चिंचेने घासून लख्ख करून दिली. ती भरलेलीच राहिली तर लोक म्हणतील, रुसली. म्हणू देत. मी सांगेन, ती तिच्या मनाने जेवते. यापेक्षा जास्त मी कधी कुणाला सांगणार नाही.

आणि घरात मी जाहीर करून टाकलंय की पोटुशी, आजारी, म्हातारी, लहान, सगळ्यांना सकाळीच वेगळं जेवू घालायचं. जाऊबाई म्हणाल्या, “आपल्यात अशी रीत नाई.” मी म्हटलं, “आता हाये.” हे बळ मला तुझ्यामुळे आलं. चाळीस वर्षं मी तिच्या डोळ्यांना भ्यायले, राखी. तुला पिताना पाहिलं आणि ते भय गेलं. तुझे उपकार कसे मानायचे ते सासूला शिकवत नाहीत, म्हणून लिहून पाठवते.

डब्यात आंबिलीचं पीठ आहे, मीठ घातलेलं नाही. शिवम पुढच्या मंगळवारपर्यंत तिथेच राहील. येताना तो एकटा आला तर मी काही बोलणार नाही, तुझ्यावर रुसणारही नाही. पण माझा हात आता फारच कापतो. यंदा थोरलीचे डोळे तू आखावेस, असं मला वाटतं. संस्कृतीला मांडीवर घेऊन बस, आणि तुला जे विचारायचं असेल ते थोरलीलाच समोरासमोर विचार.

जिने पाहिलं आणि दार लावून घेतलं ती,
तुझी सासू,
प्रयाग