आबांच्या गालावरचे ठिपके

आबा, परवापासून तुमचा चेहरा कॉम्प्युटरवर उघडून बसलोय आणि सेव्ह करायची हिंमत होत नाही. आईला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवाय, छोटा आता तिला दिसत नाही. म्हणाली, "डाग काढी टाक रे भाऊ, पन त्यास्नं तोंड तसंच ऱ्हाऊ दे." सांगायला काय जातं तिचं. शिरपूरच्या लग्नात मांडवातली लाईट गेली, तेव्हाचा हा फोटो. उजेडच नव्हता, म्हणून मी कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, तो आयएसओ, नको तितका वाढवला होता. जन्मभर मी दुसऱ्यांचे फोटो काढले, आणि तुम्ही गेल्यावर कळलं की स्वतःच्या बापाचा नीट असा हा एकच आहे. नशीब, कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाईल ठेवली होती. पण मोठा केला की गालभर हिरवे-जांभळे ठिपके, आणि त्यावर वाळू पसरल्यासारखी खरखर. स्क्रीनवरची साफ करायची पट्टी सरकवली की ठिपके जातात. जरा जास्त सरकवली की तुमचे देवीचे व्रणही जातात आणि गाल लोण्यासारखा होतो. थांबायचं कुठे, ते यंत्राला कळत नाही आणि मलाही कळेना.

मागच्या महिन्यात यावलची एक बाई आली होती. तिच्या वारलेल्या आईचा, मीच कधीतरी काढलेला फोटो तिला फ्रेम करून हवा होता. मी झक्क साफ करून दिला. ती फ्रेमकडे बघतच राहिली. "दादा, आईचं गोंदण कुठे गेलं?" हनुवटीवरचे बारीक हिरवे ठिपके यंत्राने कचरा समजून पुसले होते, आणि मी बघितलंही नव्हतं. तिला दुसरा करून दिला, पण तेव्हापासून प्रत्येक चेहरा मोठा करून दोनदा बघतो. तिला निदान आठवत तरी होतं.

तुमच्या धुळ्याच्या स्टुडिओत डाग झाकायला निगेटिव्हवर पेन्सिल टेकवण्याआधी तुम्ही घरच्यांना बसवून विचारायचात, चेहऱ्यावरचं काय ठेवायचं. मी एकदा कंटाळून म्हणालो, सगळंच गुळगुळीत करा की, खूश होतील. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "मग कोणाचा माणूस म्हणून देशील?" एवढंच बोललात.

म्हणून आज सकाळी आईलाच आणून बसवलं. तिने स्क्रीनला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि डाव्या डोळ्याखालच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हाऊ डाग देवीना शे त्यास्ना. हाऊ नको काढू." मग पदराने डोळे पुसत बसली.

आबा, तो डाग तुमचा नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा बिघडलेला बिंदू आहे तो. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत त्याच जागी आहे. तुम्ही उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीचा एक फोटो निघाला होता, त्यातही आहे. मी आईला "बरं" म्हणालो. तो ठेवणार आहे. भीती एवढीच वाटते, की सकाळपासून डोळे मिटले की मलाही तुम्ही तो डाग घेऊनच दिसताय, आणि त्याआधी कसे दिसायचात ते, खरं सांगतो, आठवत नाही.