ताळा न घेतलेला कागद

सेलू, ता. १२ डिसेंबर १९५७

चि. बन्सीधर यास कोकिळाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या सतराव्या निबंधाची छापील प्रत पोचली, पण ती सरळ व्हायला तयार नाही. मुंबईहून सुरळी होऊन आलेला कागद आणि माणूस, दोन्ही सरळ करणं लय जड जातं. एका टोकावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर तांब्या. तरी मधूनच मिटायचा. शेवटी शेजारच्या सुमनबाईनं वरवंटा आणून दिला आणि विचारलं, एवढं काय लिवलंय त्यात की वाचायला दगूड लागायलाय? मी म्हणाले, माझं नाव आलंय. तिनं लगेच गूळ आणला. गूळ खाऊन झाल्यावर मी पुढचं वाचलं.

तुझे नऊ निबंध अणुगर्भावर, आठ स्फटिकांवर. सगळ्यांची आकडेमोड अकरा वर्षं मी इथं बसून केली. मिठाच्या खड्यातल्या एकेका कणाचं अधिक-उणे मांडताना जिनिंगचा कापूस उडून टाकात अडकायचा. सोळा निबंधांत माझं नाव नव्हतं, मी मागितलंही नाही. सतराव्याच्या शेवटी मात्र आहे. सोळाव्यातला आकडा चुकला आणि ती चूक सेलूच्या श्रीमती कोकिळाबाई यांच्या आकडेमोडीतली, असं ठसठशीत छापलंय.

मी दर बेरीज दोनदा करते. सकाळी वरून खाली, संध्याकाळी खालून वर. ताळा जमला तरच पाठवते. सोळाव्याच्या वेळी, गेल्या वर्षी पोळ्याआधी, तुझं कार्ड आलं, की ताळा घेत बसू नकोस, संपादक थांबायचे नाहीत, आहे तसं धाड. धाडलं. पण कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं, ताळा घेतलेला नाही. ती ओळ कुठं गेली, तेवढं कळव.

तुझी,
अक्का

मुंबई, ता. २१ डिसेंबर १९५७

ती. अक्कास बन्सीधरचा सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तांबडी ओळ मी पाहिली होती. नक्कल करताना उतरवली नाही, एवढंच. चूक निघाल्यावर कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं, आणि मी प्राध्यापकाच्या जागेसाठी उभा आहे. तुझं तिथं काय बिघडतं? सेलूत हे मासिक वाचतं कोण?

निवड समितीचे चिटणीस तुला पत्रानं विचारतील, चूक तुमचीच का. हो म्हणून दोन ओळी लिहून टाक. सतरा निबंध ही माझी जन्माची कमाई, ती तुझ्या दोन ओळींवर अडली आहे.

सोबत अठराव्या निबंधाची आकडेमोड धाडतो. या खेपेस हवा तेवढा ताळा घे. हिनं कारळाची चटणी मागितली आहे.

लोभ होता तसाच ठेव.

तुझा,
बन्सीधर

सेलू, ता. ९ जानेवारी १९५८

चि. बन्सीधर यास आशीर्वाद. अनेक हा शब्द या खेपेस राहू दे.

सेलूत मासिक कोण वाचतं म्हणून विचारलंस. मी वाचते. वीस वर्षं कन्याशाळेत गणित शिकवायलेय. ताळा न घेता पाटी पुढं करणाऱ्या पोरीला मी तासभर उभी करते. तुझ्यासाठी हो म्हटलं तर उद्या कोणत्या तोंडानं उभी करू?

अठराव्याचे कागद कोरेच परत धाडते. चटणी सोबत आहे, तिचा काय दोष.

चिटणिसांचं पत्र आलं. दोन नाही, मी तीन ओळी लिहिल्या. पहिली, आकडा माझ्या हातचा आणि तो चुकलेला. दुसरी, तो ताळा न घेता मागवलेला. तुझं ते पोळ्याआधीचं कार्ड जोडलं आहे. नक्कल नव्हे, मूळ कार्ड.

तिसऱ्या ओळीला दोन दिवस लागले. कपाळ पांढरं करून मी माहेरी परतले, तेव्हा हैदराबादेहून येऊन तू वडिलांना न विचारता माझा मॅट्रिकचा फॉर्म भरलास. औरंगाबादला नेलंस, आणि पेपर संपेतो रोज लिंबाखाली बसून राहिलास. म्हणून लिहिलं, की या सतरा निबंधांतला विचार सर्वस्वी बन्सीधरचा, त्यात माझा वाटा नाही.

खरंही तेच आहे. पाकीट टपालात टाकलं.

कळावे,
कोकिळा