घरच्या माणसाला नोटीस

कराड,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप मामा,

संयोगिताचा तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. मामीच्या गुडघ्याचं काय झालं? मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल तर लांबवू नका. द्राक्षं यंदा बरी आहेत असं ऐकलं. इकडे थंडी आहे. डेअरीत काम नेहमीचंच.

तुमचा विश्वजित बरा आहे. वेळेवर जेवतो.

एवढं लिहून थांबले होते. परवा मामी फोनवर म्हणाली, "घरच्या माणसाला नोटीस देत्यात व्हय गं?" त्याचं उत्तर आता लिहिते.

मामा, तुमच्या पोरानं भरलेल्या दुधाच्या पिशव्या गळतात. नवं मशीन आल्यापासून हे चाललंय. दुकानदार क्रेटच्या क्रेट परत पाठवतात. आणि कामगारांचं सगळं बघणारी अधिकारी मी, मला याचा पत्ताच नव्हता! सुपरवायझर जोतिबा त्याच्या परत आलेल्या पिशव्या गुपचूप दुसऱ्याकडून पुन्हा भरून घ्यायचा. विचारलं तर म्हणाला, मॅडमचा भाऊ हाय, त्याला कसं बोलायचं. माझा असा संताप झाला की विचारू नका. माझ्या नावाची सावली त्या पोरालाच बाधली.

मालकांनी सोपी वाट काढली. कायम झालेल्या कामगाराला असं एकाएकी काढता येत नाही, पण हा तुमच्या घरचाच आहे, राजीनामा लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा, म्हणाले. त्यांचा अंदाज खरा होता. मी सांगितलं असतं तर विश्वजितनं कोऱ्या कागदावरही सही केली असती.

मी नाही म्हटलं. परक्या माणसाला आपण चूक लेखी सांगतो, त्याचं ऐकून घेतो, सुधारायला वेळ देतो. कायदाच आहे तसा. मग आपल्याच माणसाला तेवढं का मिळू नये?

नोटीस पुढे ठेवली तर हा हसत म्हणाला, "ताई, कुठं सही करू?"

आधी वाच, म्हटलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "माझं काम वाईट हाय, हे मला आजवर कुणीच कसं न्हाई सांगितलं?"

मला त्याच्याकडे बघवेना, मामा.

मग त्याच्याकडूनच कळलं. मशीन शिकवायला माणूस आला तेव्हा तो तुमच्या सृष्टीच्या लग्नासाठी पलूसला तुमच्याकडे आला होता. नंतर त्याला कुणी शिकवलंच नाही. आता शिकवतायत. दोन महिन्यांची मुदत दिली आहे. पॅकिंगकडे फिरकायचं नाही असं रोज ठरवते आणि थोड्या वेळानं तिथंच जाऊन उभी राहते. गळती कमी झाली आहे, पण थांबलेली नाही.

हे प्रकरण मिटव, असा तुमचा निरोप मिळाला. मिटवायचं म्हणजे राजीनामाच घ्यायचा. ते माझ्याकडून होणार नाही. मुदतीत काम सुधारलं नाही तर त्याला काढावं लागेल, आणि त्या कागदावरही सही माझीच असेल. दुसऱ्या कुणाच्या आड मी लपणार नाही.

आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुमचं घर. दर चैत्रात जत्रेला तुम्ही स्वतः मला न्यायला येता. यंदा आला नाहीत तर मी समजून घेईन. रडेन, पण समजून घेईन. नोटीस मात्र मागे घेणार नाही.

तुम्ही म्हणू द्याल तोवर तुमचीच लेक,
संयोगिता