शीतगृहातले एकशे बारा लेख आणि माझे राहते घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, एका दैनिकाची निवृत्त उपसंपादक, विधवा, एका मुलीची आई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि सध्या देशाचा कारभार कोण पाहते, असे विचारले. मी म्हटले, "सकाळच्या बातम्यांपर्यंत तरी तेच पाहत होते." डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला.

याआधी केलेला एक मसुदा मी स्वतःच्या हाताने फाडला आहे. तो का फाडला, ते कलम सहामध्ये येईल. माझ्या नोकरीत मी नऊशेच्या वर मृत्युलेख लिहिले. त्यामुळे हा मजकूर वकिलांना लांबट वाटला तरी त्यांनी तो कापू नये. कापाकापी मी पुष्कळ सोसली आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे राहते घर, खिडक्यादारांसह आणि गळक्या मोरीसह, माझ्या मुलीला मिळावे. ती परदेशात दातांची डॉक्टर आहे आणि "आई, ते घर विकून टाक" असे गेली बारा वर्षे फोनवर सांगते आहे. माझ्या पश्चात तिने खुशाल विकावे. फक्त मागच्या खोलीपुरती एक अट आहे, ती शेवटच्या कलमात लिहिली आहे.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझे चार दागिनेही तिलाच. या कलमात भांडण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझ्या यजमानांची हत्यारे. हे आमच्याच दैनिकाच्या छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. मी वर लिहायची, हे खाली छापायचे. त्यांचे बोल्ट आवळायचे पाने, पक्कड, ग्रीसची पिचकारी आणि शाई खरवडायचा चाकू मी तेहतीस वर्षे तेल लावून ठेवला आहे. हे सगळे तळमजल्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यावे. त्याने ते वापरावे, भिंतीला टांगू नये.

यजमान कसे गेले, ते इथे एकदा नीट लिहिते, कारण छापून आले तेव्हा ते नीट आले नव्हते. त्या दिवशी एका मोठ्या नटीचे एका मोठ्या खेळाडूशी लग्न होते. आमची सोळा पानांची रंगीत पुरवणी निघणार होती. दुपारी साडेतीनला यंत्रात कागद तुटून अडकला. यांनी तो काढायला हात घातला आणि कोणीतरी ओरडले, "चालू करा, उशीर होतोय!" ते कोण ओरडले, हे चौकशीतही कळले नाही. त्या वेळी मी वर बसून, वधूच्या पोशाखावर किती मोती आहेत, ही ओळ लिहीत होते.

संध्याकाळी संपादक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जा. बातमी आम्ही देऊ. पण पहिल्या पानावर जागा नाही हो. सातव्यावर तीन ओळी बसतील."

मी म्हटले, "तीन ओळी मीच लिहिते. दुसऱ्या कोणी लिहिल्या तर नाव चुकेल."

लिहिल्या. नाव बरोबर आले. यंत्र एकूण चाळीस मिनिटे बंद होते. ते लग्न अकरा महिन्यांनी मोडले आणि त्याचीही आठ पानांची पुरवणी आम्हीच काढली.

तेव्हापासून मला बातम्यांचा राग नाही, पण त्यांच्या मापाचा आहे. मंत्र्यांचा घसा बसला, ते पहिल्या पानावर. पुलाचा खांब बसला, तो पाचव्या. एका नटीने केस कापले तर तीन कॉलम. त्याच दिवशी एका कारखान्यात सात बायकांचा जीव गेला, त्यांना मिळून एक. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यातली कित्येक पाने मी स्वतः लावली आहेत.

कलम ४. वर उल्लेखलेले संपादक आज एक्क्याण्णव वर्षांचे असून प्रकृतीने ठणठणीत आहेत. त्यांचा मृत्युलेख मी लिहून ठेवला आहे. पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो मोजून तीन ओळींचा होता. वर्षभर ठेवला आणि मग लाज वाटली. ऱ्हस्व-दीर्घ मला त्या माणसाने शिकवले, माझे बाळंतपण झाल्यावर नोकरी टिकवली तीही त्यानेच. आता दोन कॉलमांचा, खरा आणि चांगला लेख तयार आहे. त्यात छापखान्याचा तो दिवसही आहे. जागा कमी पडली तर त्याला लेख खालून कापायची सवय होती, म्हणून तो दिवस मी वरच्या परिच्छेदात घातला आहे.

कलम ५. शीतगृह. हा शब्द वकिलांना समजावा म्हणून सांगते. प्रसिद्ध माणूस मेल्यावर तासाभरात त्याचे सबंध आयुष्य कोणालाच लिहिता येत नाही. म्हणून ते तो जिवंत असतानाच लिहून ठेवतात. असे लेख ज्या लोखंडी कपाटात असत, त्याला आम्ही शीतगृह म्हणायचो. दैनिक बंद पडले तेव्हा ते कपाट भंगारात निघाले होते. आतल्या लेखांसकट मी ते हातगाडीवरून घरी आणले. आज त्यात एकशे बारा लेख आहेत. ज्यांच्याबद्दल ते आहेत ती सगळी मंडळी हा मजकूर लिहीपर्यंत हयात आहेत, आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. एका गायिकेच्या लेखात 'पती' ही ओळ मी पेन्सिलने लिहिली आहे, दर दोन-तीन वर्षांनी खोडायला सोपी जाते. एका पुढाऱ्याच्या लेखात पक्षाचे नाव लिहायचेच सोडून दिले. ज्या लेखात 'कधीही भरून न निघणारी पोकळी' असे शब्द सापडतील, तो माझा नव्हे असे समजावे.

हे कपाट कोणाला द्यायचे, यावरूनच पहिला मसुदा फाटला.

कलम ६. माझा भाचा. धाकटी बहीण लवकर गेली, त्यामुळे तो माझ्याच घरी वाढला. आज चौतीस वर्षांचा आहे. मोबाइलवर त्याची स्वतःची बातम्यांची वाहिनी आहे. कोणती नटी विमानतळावर कोणाबरोबर दिसली, कोणाच्या घटस्फोटाचे कारण काय, असे सगळे त्यावर असते. अकरा लाख लोक ते पाहतात. मी त्यांतली नाही.

आता एका म्हाताऱ्या नटाबद्दल. तो सिनेमात जन्मभर खलनायक होता आणि घरी बायकोला विचारल्याशिवाय चहा घेत नसे. त्याच्या मरणाची अफवा पहिल्यांदा उठली तेव्हा त्यानेच आमच्या कचेरीत फोन केला. "बाई, मी गेलो म्हणे. काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा." मी वाचून दाखवले. मध्येच म्हणाला, "थांबा. कड्यावरून उडी मारली असं लिहिलंय ना? ती मी नाही मारली. माझे कपडे घालून दुसऱ्यानंच मारली. जन्माचा लंगडा झाला तो, आणि पदक मला मिळालं. हे लिहा. पण मी असेपर्यंत छापू नका, तेवढं धाडस नाही माझ्यात." मी लिहिले. पुढे पंचवीस वर्षे आमची फोनवरची ओळख राहिली. दुसऱ्यांदा अफवा उठली तेव्हा त्याने फोन करून विचारले, "काय, काही सुधारणा?"

तिसरी अफवा गेल्या वर्षीची. ती माझ्या भाच्याने उठवली नाही, पण अकरा लाख घरांत त्यानेच पोचवली. सकाळी कोणाचे तरी दोन ओळींचे वाक्य पाहिले आणि नटाचा काळा-पांढरा फोटो लावून मोकळा झाला. खाली करुण संगीत. तेच संगीत त्याने आदल्या आठवड्यात एका खेळाडूच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वापरले होते. नट त्या वेळी कोपऱ्यावर केस कापून घेत होता. घरी बायकोला कोणीतरी तो फोटो पाठवला. नवऱ्याला शोधायला ती तशीच अनवाणी धावली, जिन्यावर पाय चुकला आणि नवव्या दिवशी दवाखान्यातच वारली.

भाच्याने पहिला व्हिडिओ काढून टाकला आणि दुसरा टाकला: पतीच्या निधनाच्या अफवेने पत्नीचा बळी. तो दुप्पट लोकांनी पाहिला.

मी त्याला बोलावून घेतले.

"खात्री करायला कोणाला फोन केला होतास?"

"मावशी, सगळेच टाकत होते."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे गं. पाच मिनिटं थांबलो असतो तर मागे पडलो असतो."

"कोणाच्या मागे?"

त्याने हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाला, "मी काय करू आता? तू सांग."

"त्या घरी जा."

"जाऊन काय सांगू?"

"काही सांगू नकोस. दार उघडलं तर आत जा. नाही उघडलं तर परत ये आणि उद्या पुन्हा जा."

त्याच दिवशी मी मसुदा केला. त्यात लिहिले होते: माझ्या भाच्याला माझ्या घरातली टाचणीसुद्धा देऊ नये, आणि शीतगृह जाळून टाकावे.

चार दिवस दार उघडले नाही. पाचव्या दिवशी उघडले. नट त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तूच का तो? ये. टीव्हीचा रिमोट चालत नाहीये, बघ जरा." भाच्याने सेल बदलले. दुसऱ्या आठवड्यात तो औषधे घेऊन गेला. मग जातच राहिला. फोटो एकही काढला नाही. मला हे सगळे दिसत होते, तरी मसुदा मी फाडला नाही. माणूस बदलतो, हे वाक्य मी पुष्कळ वेळा लिहिले आहे, पण ते मेलेल्यांबद्दल. जिवंत माणसाबद्दल लिहायला हात धजत नाही.

दोन महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, नट खुर्चीत बसल्या बसल्या गेला. भाचा समोर होता. डॉक्टर येऊन तपासून गेल्यावर त्याने मला फोन केला. "मावशी, गेले. या वेळी खरंच." मी म्हटले, "मग आता?" तो म्हणाला, "गावाकडे त्यांची बहीण असते, ऐंशीची. एकटीच आहे. तिला टीव्हीवरनं कळायच्या आत मी पोचतो." आणि फोन ठेवला.

तीन तासांचा रस्ता. साडेअकराला कुठून तरी बातमी फुटली. बारापर्यंत सगळ्या वाहिन्यांवर कडा, उडी आणि पदक सुरू झाले. भाच्याच्या वाहिनीवर काहीच नव्हते. लोक त्याला विचारत होते, झोपलास का, विकला गेलास का. तो गाडी चालवत होता.

पुढचे त्याने मला एकदाच सांगितले. नटाची बहीण दारात बसून सदऱ्याला बटण लावत होती. शेजारीण आधीच सांगून गेली होती, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

"गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंत रडले आणि मग त्याचाच फोन आला."

हा म्हणाला, "आजी, आज मी तिथेच होतो. त्यांचा हात माझ्या हातात होता."

तिने सुई सदऱ्यात टोचून ठेवली. मग विचारले, "आणि तेव्हाचं खोटं कोणी सांगितलं होतं?"

माझ्या भाच्याला खोटे बोलायला तिथे पुरेपूर वाव होता. तिला काहीच ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "मी."

तिने बटणाचे उरलेले टाके घातले. दोरा दाताने तोडला. सदरा घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "पाणी पी. मग मला तिकडे घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाहिनीवर, मी काढून दिलेला नटाचा मृत्युलेख संगीताशिवाय वाचला. कड्यावरून खरी उडी कोणी मारली, तेही वाचले. पाहणारे फार नव्हते. त्या दिवशी एका प्रसिद्ध जोडप्याला जुळी झाली होती.

मसुदा मी त्या संध्याकाळी फाडला.

कलम ७. सबब, शीतगृह, आतल्या एकशे बारा लेखांसह आणि किल्लीसह, माझ्या भाच्याला द्यावे. मागची खोली त्याला पाच वर्षे विनाभाडे वापरू द्यावी, कपाट दुसरीकडे नेणे अवघड आहे. अटी अशा. माणूस खरेच गेला, हे त्याच्या घरच्या कोणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय एकही लेख बाहेर काढू नये. मजकुरातली मोलमजुरीची, पडद्यामागची माणसे जागेअभावी गाळू नयेत. जागा हवीच असेल तर पदके गाळावीत.

माझ्याविषयी. मुलीला निरोप पाठवून कळवू नये. भाच्याने फोन करावा, तिच्याकडचे घड्याळ पाहून, ती दवाखान्यात कोणाच्या दाढेत हात घालून बसली नसेल अशा वेळी. सांगून झाल्यावर लगेच फोन ठेवू नये. ती बोलायला लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर बाकीच्यांना कळले तरी चालेल, न कळले तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तपासला आहे. एक ऱ्हस्व दीर्घ केला, तिथे बाजूला आद्याक्षरे घातली आहेत. साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली. लाभ मिळणाऱ्याने साक्षीच्या वेळी खोलीत असू नये, असे वकील म्हणाले, म्हणून भाचा बाहेर जिन्यात बसला आहे. आतापर्यंत दोनदा दाराशी येऊन, "मावशी, बरी आहेस ना?" असे विचारून गेला. दोन्ही वेळा मी आतून ओ दिली.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिले: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही व शिक्का)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार, दुपारी पावणेचार