ओट्यावरचे ऊन

बऱ्हाणपूर, पौष वद्य पंचमी, शके १८४०

पत्नी गेल्याला दोन महिने झाले. शाळेखेरीज मी खोलीबाहेर पडलेलो नाही. थंडीमुळे खिडक्याही बंद. आज थोरल्या बहिणीने, आक्कांनी, ऐकवलेच, "भिंतींशी किती बोलशील? ओट्यावर उन्हात बस जरा."

बसलो. तासाभरात मन हलके झाले, आणि त्याचीच लाज वाटली. हेच ऊन तिने दर हिवाळ्यात मागितले होते. मास्तरांच्या पत्नीने रस्त्यासमोर बसू नये, असे मी म्हणत असे. एवढेसे ऊन! ते नाकारणारा मी कोण?

आक्कांना म्हटले, "उद्या तुम्हीही बसा."

"लोक काय म्हणतील, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिला मात्र मी ते दर वेळी तत्काळ दिले होते.